पारदर्शक कारभार

समोरची इमारत पुनर्विकासाला गेली आणि तिच्यातली धूळ आमच्याकडे राहायला आली. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून घर असणं ही एकेकाळी मिरवायची गोष्ट होती. आता सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने सही करता येते.

सगळ्यात जास्त हाल झाले ते बाबांच्या दिवाळी अंकांचे. १९७४ पासूनचा एकही अंक बाबांनी रद्दीत जाऊ दिलेला नाही. आईने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बाबा रद्दीवाल्याच्या काट्यावरून अंक उचलून परत घेऊन आले, आणि दुसऱ्या खेपेला तर त्या घाईत कोणाच्या तरी घरचे अर्धा किलो जास्तच. हे सगळे अंक उघड्या फळ्यांवर होते. रोज सकाळी बाबा एकेक अंक काढायचे, फडक्याने झटकायचे आणि शिंकायचे. शेवटी एकदा तीन शिंकांच्या मधल्या फटीत म्हणाले, "अरे, तू एवढं सुतारकाम करतोस, याला दारं का नाही करत?"

मला लाकूडकामाची हौस आहे. बायको तिला खाज म्हणते. पण २८ वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला करवतीचं काय सुख आहे ते तिला कळणार नाही. करवत चालवली की त्याच दिवशी, डोळ्यांदेखत, एकाचे दोन होतात. कोणाची टिप्पणी लागत नाही.

तर कपाट मी बनवलं. १९ मिलिमीटरचा प्लाय, कडेला सागाच्या पट्ट्या, सरकत्या दारांसाठी वरखाली खाचा. कपाट उत्तम झालं. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण यापुढे उत्तम झालं असं फारसं काही येणार नाही.

दारं काचेची करावीत असा विचार होता, पण शेजारचं सहा वर्षांचं पोर आमच्या हॉललाच वानखेडे समजतं. बायको म्हणाली, "काच नको. ते प्लास्टिकचं काचेसारखं मिळतं ना, ते आणा." अ‍ॅक्रिलिक. कोविडच्या दिवसांत बँकेत, केमिस्टकडे, सगळीकडे ज्याच्या पलीकडून लोक आपल्याशी खुणांनी बोलत होते, ते.

मी आधी काचवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काच आणा, दोन मिनिटांत कापून देतो. हे प्लास्टिक झालं. सुताराला विचारा." आमच्या इमारतीतलं निम्मं फर्निचर ज्यांच्या हातचं आहे त्या मेस्त्रींना फोन केला. ते सावंतवाडीकडचे. म्हणाले, "सायबानू, ह्यां काय लाकूड नाय. काचवाल्याक विचारा."

आमच्या कचेरीत असे विषय असतात. दोन खात्यांच्या मधले. ते पुढची वीस वर्षं तिथेच असतात.

मग एका शनिवारी मी मस्जिद बंदरला उतरलो. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांपुढून सरळ चालत जाणं मला जमत नाही. अ‍ॅक्रिलिक कापायचा आकडीसारख्या पात्याचा कटर घ्यायला गेलो आणि कटरसोबत दोन क्लॅम्प, एक गुण्या आणि कशासाठी ते आजही न कळलेला एक पाना घेऊन बाहेर पडलो. अ‍ॅक्रिलिकवाला तिथूनच थोडा पुढे. अख्खा शीट ८ फूट बाय ४ फुटाचा. त्यातला अर्धा, म्हणजे ४ बाय ४, तीन एमएम जाडीचा, मी घेतला. इथे मापांची एक गंमत आहे. दुकानदार फुटात बोलतो, मेस्त्री सुतात, आणि मी मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला जरासं वर. या जराशात माझं पुढचं सगळं आयुष्य जाणार होतं.

वजनाला मात्र माल हलका. एवढीच काच अकरा किलोंवर गेली असती, हे सव्वापाचच्या आसपास. पण लोकलला वजनाशी देणंघेणं नाही, आकाराशी आहे. सामानाच्या डब्यात चढलो. "जरा सरका, अ‍ॅक्रिलिक आहे," असं मी दोनदा म्हणालो. कोणी ढिम्म हललं नाही. टोपलीवर बसलेल्या एका मावशींना माझी दया आली. त्यांनी एकच आवाज दिला, "ए, काच हाय रे, काच!" आणि मुंबईच्या लोकलमध्ये मी आयुष्यात पाहिली नव्हती तेवढी जागा माझ्याभोवती तयार झाली. मुलुंडपर्यंत मी एखाद्या मंत्र्यासारखा आलो. तेव्हापासून मी विचार करतोय की रोज ९:१२ ला एक तुकडा बरोबर ठेवायला काय हरकत आहे.

रविवारी काम सुरू केलं. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी २ ते ४ ठोकाठोक बंद, म्हणून सकाळीच बसलो. प्लायसाठी लावलेलंच पातं जिगसॉला, म्हणजे विजेच्या करवतीला, होतं. म्हटलं, जे पातं सागाला ऐकत नाही ते प्लास्टिकला काय ऐकणार? पूर्ण वेगात सोडलं. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मला सुचेल ती सगळी फुशारकी मी तेवढ्या दोन फुटांत मारून घेतली. घरात जळकट गोडसर वास सुटला होता, पण तो विजयाचा असावा असं वाटलं.

शेवटाला पोचलो, मशीन बंद केलं, तुकडा उचलायला गेलो तर अख्खा शीट उचलला गेला. कापलेलं मागच्या मागे पुन्हा जुळलं होतं! मध्ये एक पांढरी, फुगीर, शिवणीसारखी रेघ, बस.

कारण साधं आहे. हे द्रव्य शंभर अंशांच्या जरा वर गेलं की मऊ पडतं. पातं जोरात घासलं की भुसा पडत नाही, वितळतं, आणि पातं पुढे सरकलं की मागे थंड होऊन घट्ट बसतं. वेग कमी ठेवायचा, पातं योग्य दातांचं घ्यायचं, मध्येमध्ये थांबायचं. हे मला नंतर कळलं. नंतर कळण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "जरासंध आहे रे हा."

"काय?"

"भीम त्याला उभा चिरायचा आणि दोन्ही अर्धी परत जुळायची. मग कृष्णाने काडी मोडून दाखवली. दोन तुकडे उलटसुलट दिशांना टाकायचे."

मी पुराणकथा मनावर घेतली. ती शिवण गुडघ्यावर धरून दोन्ही हातांनी उलट दिशांना जोर लावला. जरासंध फाटला. पण शिवणीवरून नाही, तिच्या शेजारून, आणि जाताना एका दाराचा कोपरा बरोबर घेऊन गेला. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "कुकर उडाला का हो?" बायको म्हणाली, "नाही, आमचे हे आहेत."

आता उरलं एका दारापुरतं. मग मात्र शहाण्यासारखा वागलो. गुण्याने रेघ मारली. शीटवरचा कागद काढायचा नसतो, ओरखडे त्याच्यावर बसतात, एवढं ठाऊक होतं. लोखंडी पट्टी क्लॅम्पने आवळली आणि आकडी कटर ओढायला सुरुवात केली. हे काम बघण्यासारखं असतं. पहिल्या ओढीला नुसतं करकरतं. तिसऱ्या-चौथ्या ओढीपासून पात्याच्या मागे पांढरा, नारळाच्या कीसासारखा बारीक धागा सुटायला लागतो. दाबायचं नाही, ओढायचं. कडेपासून कडेपर्यंत. जाडीचा तिसरा हिस्सा चर पडला की रेघ टेबलाच्या धारेवर आणायची आणि एका झटक्यात खाली दाबायचं.

मी ओढत असताना आई येऊन बसली. मागच्याच वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिने विचारलं, "हे नक्की आहे तरी काय?" मला माहिती द्यायची संधी फार क्वचित मिळते. सांगितलं की दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा याच्याच असत. विमानाला गोळ्या लागल्या की हिचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे. हॅरल्ड रिडली नावाच्या इंग्रज डॉक्टरने बघितलं की डोळा ते कण मुकाट्याने सहन करतो, चिडत नाही. त्यावरून त्याला सुचलं की मोतीबिंदू काढल्यावर याचंच भिंग आत बसवावं. २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनमध्ये पहिल्यांदा बसवलं. आणि तुझ्या डोळ्यातलं भिंगही याच गोतावळ्यातलं.

आईने माझ्याकडे, शीटकडे आणि कोपऱ्यात पडलेल्या जरासंधाकडे आळीपाळीने बघितलं. "कापलेलं कोणी होतं म्हणे?" ती म्हणाली, आणि डोळ्यावर हात ठेवून आत गेली.

तिच्या त्या नजरेने माझा हात हलला असावा. पट्टी शेवटच्या वीतभर अंतरात सुतभर सरकली. तरी झटका दिला तेव्हा "कट्" असा स्वच्छ, कोरडा आवाज आला. तुकडा सुटला. शेवटाला जरा नागमोडी, पण सुटला! मी तो घरात सगळ्यांना दाखवून आलो.

बोट अडकवायला दाराला भोक हवं होतं. ते आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघितलं, आणि या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला आजही शाबासकी देतो. लाकडाचं ड्रिल आरपार जाता जाता खालच्या बाजूला घास घेतं. भोकाभोवती पाच टोकांची चांदणी उमटली. खाली लाकडाचा आधार द्यायचा, टोकाची धार मारायची, सावकाश जायचं, वगैरे. मी दाराला चिकटपट्टीने एक सागाची मूठ चिकटवली आणि तो विषय नस्तीबद्ध केला.

दुसऱ्या दारासाठी नेमप्लेट बनवणाऱ्याकडे शरण गेलो. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, "फाईल आणलीय?"

२८ वर्षं हा प्रश्न मी लोकांना विचारतोय. तो मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. त्याला कोरल ड्रॉची, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्राची, फाईल हवी होती. माझ्याकडे विजेच्या बिलामागे काढलेला चौकोन होता. त्याने दहा सेकंदांत चौकोन काढला, बटण दाबलं, आणि लेझरने तो असा कापला की कडा चाटून पुसल्यासारखी चमकत होती. गंमत अशी की त्या लेझरचा किरण आपल्याला दिसत नाही, आणि त्या किरणाला अ‍ॅक्रिलिक पारदर्शक नसतंच. तो त्यातून आरपार जात नाही, तिथेच शोषला जातो आणि वाफ करून टाकतो. लागलेला वेळ दोन मिनिटं. माझा रविवार, पाठ आणि संसारातली पत यांच्याशी मी त्या दोन मिनिटांची तुलना केली नाही.

दारं बसली. फट नको, धूळ येते, म्हणून मी उंची अगदी गच्च ठेवली होती. वरची फळी शेवटी ठोकली, म्हणजे दारं निघायचा प्रश्नच मिटला. जानेवारीत ती अशी सरकायची की बाबा कारण नसताना सरकवून बघायचे. धुळीचं म्हणाल तर अंकांवरची गेली, सगळी दारांवर आली. कोरड्या फडक्याने पुसलं की अ‍ॅक्रिलिकमध्ये स्थिर वीज येते आणि ते अख्ख्या हॉलमधली धूळ बोलावून घेतं. बायकोच्या मते समोरच्या बिल्डरचं काम आता मीच करतो.

मेमध्ये दारं अडकली. दोन्ही. उन्हाने अ‍ॅक्रिलिक वाढतं. तीन फूट उंचीला, पंधरा अंश तापमान चढलं की जवळपास एक मिलिमीटर. मी अर्धासुद्धा ठेवला नव्हता. बाबा कपाटापुढे खुर्ची टाकून बसले. आत अंक लखलखीत दिसत होते, पुठ्ठ्यांवरची सालं वाचता येत होती. "छान," ते म्हणाले, "सगळं दिसतंय आणि हाताला काही लागत नाहीये. अगदी तुमच्या कचेरीसारखं." मेस्त्री गावी गेले होते, आंबे संपल्यावर येणार होते. तोवर बाबांनी पहाटे पाचला, जरा गारवा असताना, दार ढकलून दिवसाचा अंक काढून ठेवायची पद्धत पाडली.

जूनमध्ये पाऊस आला. अ‍ॅक्रिलिक आकसलं. आता फळीचं लाकूड फुगलं.

मेस्त्री आले ते जुलैत. छत्री दारात टेकवली, चहा घेतला, कपाटापुढे उकिडवे बसले. लेझरने कापलेल्या दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या दाराच्या. खालच्या वीतभरात आल्यावर अंगठा थांबला.

"ह्यो दरवाजो मशीनवर कापलेलो दिसता," ते म्हणाले. "ह्यो दुसरो कोणी कापलो?"

"दुकानदाराने," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायको खोकली. बाबांनी अंकात डोकं घातलं. आई मात्र नव्या भिंगातून माझ्याकडे एकटक बघत होती.

"तरीच," मेस्त्री म्हणाले, आणि पिशवीतून पटाशी काढली.