‘फोर-हाय टाका आणि निघा’: या सल्ल्यात काय राहून गेलंय

पाऊस लागला की आमच्या गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हटकून फिरू लागतो. मला तो आतापर्यंत चार जणांनी पाठवला: ‘फोर बाय फोर गाडीचा मागचा शाफ्ट तुटला तर घाबरू नका. फोर-हाय टाका आणि निघा. पुढची चाकं गाडी ओढतात. कितीही लांब जा, घाट चढा, फ्रंट व्हील कारसारखीच चालते. सगळ्या फोर बाय फोरना हे लागू.’

यातली मूळ गोष्ट खरी आहे. जिप्सी, थार, जिम्नी यांसारख्या गाड्यांत ट्रान्स्फर केसमधून, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतून, दोन प्रोपेलर शाफ्ट (ताकद चाकांकडे नेणारे लांब दांडे) निघतात. टू-हायमध्ये, म्हणजे नेहमीच्या दोन चाकांवर चालताना, ताकद फक्त मागच्या शाफ्टला जाते; फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांवर चालताना, पुढचा आणि मागचा आतून घट्ट जोडले जातात. मग मागचा नसला तरी पुढचा फिरतो आणि गाडी चालते. मी स्वतः चोर्ल्याचा घाट उतरून केरीपर्यंत अशी गाडी आणली आहे. म्हणूनच या मजकुरात जे लिहिलेलं नाही, त्याची मला काळजी वाटते.

‘मागचा शाफ्ट’ म्हणजे नेमका कोणता? गॅरेजमध्ये आपण दोन वेगळ्या वस्तूंना शाफ्ट म्हणतो. एक गाडीच्या पोटाखालून लांबीच्या दिशेने जाणारा प्रोपेलर शाफ्ट, दुसरा मागच्या चाकांमधल्या आडव्या नळीच्या (हौसिंगच्या) आत चाकापर्यंत जाणारा एक्सल शाफ्ट. दोन्ही तुटले तरी लक्षण सारखंच: टू-हायमध्ये इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही. पण बहुतेक हलक्या गाड्यांत मागचा एक्सल शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर, चाकाकडच्या बाजूला तुटला असेल तर चाकच निसटून येतं. अशा वेळी फोर-हाय टाकून निघणं म्हणजे तीन चाकांवर येण्याची तयारी. तेव्हा आधी टॉर्च घेऊन खाली बघा. प्रोपेलर शाफ्ट धड असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही.

आता ‘निघा’ या शब्दाबद्दल. मला सर्वांत धोकादायक वाटतो तो हाच. तुटलेला शाफ्ट गाडीखाली तसाच लोंबकळत असताना निघायचं नसतं. बहुतेक वेळा तुटतो तो क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा हलता सांधा; तो दोन्ही टोकांना असतो. मागचा क्रॉस तुटला तर शाफ्ट ट्रान्स्फर केसला अडकून राहतो आणि फोर-हाय टाकताच इंजिनच्या जोरावर फिरू लागतो, एक टोक मोकळं ठेवून. पुढचा तुटला तर मोकळं टोक रस्त्यावर पडतं आणि चाकं त्याला मागून फिरवतात. हिशेब करून बघा. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर ताशी 60 किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे 440 फेरे घेतं. डिफरन्शियलमधलं (शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरमधलं) प्रमाण चारास एक धरलं तर शाफ्ट मिनिटाला साडेसतराशेहून जास्त फेरे घेतो. एवढ्या वेगाने फिरणारी लोखंडी नळी जवळच्या ब्रेकच्या पाइपला, डिझेलच्या टाकीला लागली तर काय होईल? पुढचं टोक खड्ड्यात रुतलं तर गाडी त्या नळीवर मागून उचलली जाऊ शकते. दोरीने किंवा तारेने बांधून भागत नाही. मी बांधून पाहिलं होतं. शंभरेक मीटरवर दोर कातरला गेला आणि शाफ्टने सायलेन्सरला पोचा पाडला. शाफ्ट दोन्ही बाजूंनी सोडवून गाडीत ठेवायचा, मगच चाक हलवायचं.

पण तो सोडवायला गाडीखाली शिरण्यापूर्वी थांबा, कारण पुढची गोष्ट या मजकुरात एका अक्षरानेही नाही.

चढावर गाडी थांबवली की आपण ती गिअरमध्ये ठेवतो. ही सवय मागच्या शाफ्टच्या भरवशावर असते. तो तुटला की टू-हायमध्ये पहिला गिअर कोणत्याच चाकाला धरून ठेवत नाही. ऑटोमॅटिक गाडीतलं ‘पार्क’सुद्धा नाही. आत सगळं घट्ट, बाहेर चारही चाकं मोकळी. हँडब्रेक मागच्या ड्रमवर असेल तर तो काम करतो. पण जुन्या विलीज घराण्यातल्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर असतो, म्हणजे शाफ्टबरोबर तोही चाकांपासून तुटतो. आणि तुम्ही त्याच गाडीखाली पाठीवर पडून पाना फिरवत असता! आधी चाकांना उताराच्या बाजूने चिरे लावा. आपल्याकडे रस्त्याकडेला चिऱ्याचा तुकडा सहज मिळतो, पण ओला जांभा चुरतो, म्हणून चांगला मोठा घ्या. मग फोर-हाय टाका, पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने लॉक करायचे हब असतील तर तेही लॉक करा, गिअर टाका, हँडब्रेक ओढा. सगळं एकत्र. साखळी गावातल्या ज्या मेस्ताकडे (मिस्त्रीकडे) मी ही कामं शिकलो, तो सहायक पोराला पाना देण्याआधी चारही चाकं स्वतः बघायचा.

‘सगळ्या फोर बाय फोरना लागू’ हे तर सरळ चुकीचं आहे. ज्या गाड्या कायम चारही चाकांवर चालतात, त्यांत मध्ये आणखी एक डिफरन्शियल असतं. मागचं टोक मोकळं झालं की सगळं फिरणं तिकडेच निघून जातं. मधलं डिफरन्शियल लॉक करता येत असेल तरच गाडी हलेल. काही नव्या गाड्यांत पुढची चाकं क्लचमधून जोडली जातात. तो क्लच गाडीचा सगळा भार एकट्याने वाहण्यासाठी बनवलेला नसतो, तापून जळतो. अशा गाडीला टोइंग व्हॅनच बोलवा.

राहिला घाट. डांबरी रस्त्यावर, सावकाश, चोर्ला किंवा अनमोड चढता येतो, हे मी नाकारत नाही. रस्त्याच्या चढावर पुढच्या चाकांवरचं वजन फारसं कमी होत नाही. पण कुळ्याकडच्या जंगलातली कच्ची वाट किंवा बागायतीतला चिखलाचा चढ ही गोष्ट वेगळी. तिथे वजन मागे सरकतं, पुढची चाकं जागीच फिरतात आणि फिरणाऱ्या चाकांना वळणं उरत नाही. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळ जाते. तेव्हा लोक फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा कमी वेगाचा गिअर, टाकतात, आणि तेच नको. फोर-लोमध्ये बहुतेक गाड्यांत जोर दुप्पट-अडीचपट होतो. नेहमी दोन एक्सल वाटून घेतात तो सगळा जोर आता एकट्या पुढच्यावर येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की पुढच्या चाकाजवळचा जॉइंटही जातो, मग ओढायला काहीच उरत नाही.

या मजकुराला उत्तर म्हणून काहीजण लिहितात की डांबरावर फोर-हाय टाकलं की ट्रान्स्फर केस फुटेल. तेही बरोबर नाही. कोरड्या डांबरावर ताण येतो तो पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधलेली असताना, कारण वळणावर ती सारखं अंतर कापत नाहीत. मागचा शाफ्ट काढल्यावर ते बंधनच राहत नाही.

एक मात्र बघायचं राहतं. काही गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक फ्लँजला (बोल्टची भोकं असलेल्या चकतीला) बोल्टने लावलेलं नसून ट्रान्स्फर केसमध्ये नुसतं सरकवलेलं असतं. ते ओढून काढलं की तिथे भोक उरतं आणि त्यातून ऑइल वाहू लागतं. जाड प्लास्टिक आणि ट्यूबच्या रबराने ते बांधून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, जास्त नाही. माझ्या गाडीला दोन्हीकडे फ्लँज होते. केरीला पोहोचल्यावर पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं, ट्रान्स्फर केस कोरडी होती.