मी नाही, गाडी करते

नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं चिरडून झाली, पेढे वाटून झाले. मग शोरूममधल्या टायवाल्या मुलानं स्टिअरिंगच्या उजव्या दांडीचं टोक फिरवून 'ऑटो'वर आणलं. "आता दिव्यांच्या बाबतीत तुम्हाला काहीच करायचं नाही, सर. सगळं गाडी बघते."

हे वाक्य मी यापूर्वी एकदाच ऐकलं होतं. मुलीच्या लग्नात, कार्यालयाच्या मॅनेजरच्या तोंडून. त्या दिवशी दुसऱ्या पंगतीला मठ्ठा मी वाढला होता.

पण हौसेला मोल नसतं, आणि नव्या गाडीच्या पहिल्या आठवड्यात अक्कलही नसते. मी खूश होतो. आमच्या वडिलांच्या अँबॅसिडरला डिपर पायानं मारावा लागे. क्लचच्या डावीकडे जमिनीतच एक बटण होतं, त्यावर टाच आपटली की अप्परचा डिपर. त्या काळी गाड्यांच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका असायचा. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून तो लावायचे, पण मला लहानपणी खात्रीच होती की गाडीला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली आहे. दिवे ही तेव्हा माणसाची जबाबदारी होती. चुकलं तर शिवी नेमकी कोणाला द्यायची हे सगळ्यांना माहीत असे.

आणि आपल्याकडे गाडीचे दिवे नुसते उजेडासाठी थोडेच असतात? ती बोली आहे. एकदा डिपर मारला की 'मी आलोय'. दोनदा मारला की 'मी थांबणार नाही, तू थांब'. मोकळ्या रस्त्यावर समोरच्यानं उगाच तीनदा मारला तर 'पुढं मामा उभे आहेत, पट्टा लाव'. ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर तो उजवीकडे वळतोय, किंवा तुम्हाला उजवीकडून जा म्हणतोय, किंवा मागच्या ढाब्यापासून तो बंद करायचा राहिलाय. तिन्हींतलं कुठलं ते ट्रकच्या एकंदर चालीवरून ओळखायचं. चौकात चारी इंडिकेटर एकदम लावले म्हणजे 'सरळ जाणार'. हे कुठल्याही नियमात नाही, पण सगळ्या महाराष्ट्राला कळतं. इंग्लंडात राहणारा माझा मावसभाऊ या बोलीला मुकला. तिकडच्या नियमपुस्तकात लिहिलंय की दिवे फक्त 'मी इथे आहे' एवढं सांगायलाच चमकवायचे. लोक मात्र 'आधी तुम्ही जा' म्हणायला चमकवतात. तो पुण्यात आला, समोरून एका बसनं अप्पर-डिपर केलं, यानं हात उंचावून आभार मानले आणि गाडी पुढे घातली. बसला ब्रेक होते, एवढंच त्याचं नशीब.

या सगळ्या बोलीतली माझी सगळ्यात लाडकी खूण हाताची. समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करून मूठ उघडतो-मिटतो, उघडतो-मिटतो. तुमची लाइट दिवसा चालू राहिलीय. ना ओळख, ना देख, ना स्वार्थ, तरी तुमची बॅटरी उतरेल म्हणून त्याच्या जिवाला घोर. ज्या माणसानं मागच्याच सिग्नलला तुम्हाला इंचभर जागा दिली नाही, तोसुद्धा ही खूण न चुकता करतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे इंजिन सुरू असेपर्यंत सतत जळत राहणं सक्तीचं झालं, आणि गावोगावच्या परोपकारी मुठींचा निम्मा व्यवहार एका दिवसात फुकट गेला. तरी दोन-तीन वर्षं लोक मुठी उघडमीट करतच होते. सरकारनं बटण काढलं म्हणून माणसाची माया थोडीच आटते!

तर माझ्या गाडीला दिवसा जळणारे दिवे आहेत. पुढच्या बाजूला, भुवयांसारखे, पांढरेशुभ्र. गाडी सुरू केली की लागतात. (ते फक्त पुढेच असतात, मागचे लाल दिवे त्यांच्याबरोबर लागत नाहीत, असं मॅन्युअलात एक वाक्य आहे. ते मी वाचलं नव्हतं. पुढे येईलच.) पहिल्या दिवशी कोथरूड ते स्वारगेट एवढ्या अंतरात अकरा मुठी उघडल्या. एक आजोबा तर सिग्नलला काचेवर टकटक करून म्हणाले, "लाइट चालू आहे तुमची." मी म्हटलं, "ती तशीच असते." "तशीच कशी असेल? बंद करा." "बंद होत नाही." आजोबांनी माझ्याकडे जे पाहिलं त्यात दया होती. नवी गाडी आणि लगेच बिघडलेली! तेव्हापासून मी स्पष्टीकरण देणं सोडलं. मूठ दिसली की हसायचं, अंगठा दाखवायचा, पुढे जायचं. दिवसाला अकरा वेळा केलं की अंगवळणी पडतं.

मुख्य दिव्यांचं काम एका सेन्सरकडे आहे. तो पुढच्या काचेवर आरशाजवळ दबा धरून बसतो आणि अंधारलं की दिवे लावतो. अंधार म्हणजे काय, हे तोच ठरवतो. उड्डाणपूल म्हणजे रात्र. रस्त्यावर वाकलेला जुना वड म्हणजे रात्र. वारज्याच्या पुलाखाली मी सभ्यपणे थांबून समोरच्या रिक्षाला आधी जाऊ देणार, तेवढ्यात माझ्या गाडीनं सावली बघून भप्पकन दोन्ही डोळे उघडले. रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, रिक्षा आडवी लावली आणि उतरून आला. "थांबलोय ना मी? मग लाइटा कशाला मारताय? घाई असेल तर काल निघायचं."

"मी नाही हो, गाडी करते," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे उच्चारलं. नंतर ते माझं ब्रीदवाक्य झालं.

हळू वेगात स्टिअरिंग वळवलं की त्या बाजूचा एकच खालचा दिवा लागतो, वळणावरचा अंधार दिसावा म्हणून. अतिशय उपयुक्त सोय. फक्त बाहेरून बघणाऱ्याला गाडीनं एक डोळा मारल्यासारखं दिसतं, आणि आमच्या गल्लीच्या वळणावर संध्याकाळी वाहतूक हवालदार उभे असतात. तीन दिवस त्यांनी दुर्लक्ष केलं. चौथ्या दिवशी कागदपत्रं मागितली.

सोसायटीतही शांतता नाही. गाडी बंद करून कुलूप लावल्यावरही तिचे दिवे अर्धा मिनिट चालू राहतात, मला जिन्यापर्यंत उजेड हवा म्हणून. प्रत्यक्षात तो उजेड तळमजल्यावरच्या काकांच्या शयनगृहात जातो. ते पडदा बाजूला करून बघतात, वॉचमन "साहेब, लाइट राहिली" असं ओरडत धावत येतो, तो गाडीपाशी पोचतो त्याच क्षणी लाइट बंद होते. रोज. त्याला सहा वेळा समजावलं. सातव्या वेळी तो म्हणाला, "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे साहेब, पण उद्या खरंच राहिली तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी इथवर सगळं घरगुती होतं. जानेवारीत आम्ही सासुरवाडीला पाटणकडे निघालो.

हायवेला साताऱ्याच्या अलीकडे एक कुत्रं आडवं आलं. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी थांबली, कुत्रं वाचलं, आणि गाडीचे चारी इंडिकेटर आपोआप लागले. मागच्याला सावध करायला अशा वेळी ते लागतात. चार-पाच सेकंद मी नुसता धापा टाकत बसलो. तेवढ्यात मागचा टेम्पो कडेला थांबला. त्यातून तिघं उतरले. एकानं माझ्या मागच्या चाकाला दगड लावला. दुसरा बाभळीची फांदी मोडून आणून गाडीच्या मागे ठेवायला लागला. आपल्या रस्त्यावर गाडी खरोखर बंद पडलीय याचा एकमेव विश्वासार्ह पुरावा म्हणजे फांदी, बाकी दिव्याबिव्यांवर कोण विश्वास ठेवतो! तिसरा पाना घेऊन खिडकीशी. "पंक्चर का गरम झाली?" इतक्या प्रेमानं आलेल्या माणसांना काहीच झालं नाही हे सांगायचं कसं? मी बॉनेट उघडलं. चौघांनी मिळून आत पाहिलं. "पाणी कमी असेल," असं एकमतानं ठरलं, त्यांनीच बाटलीतलं पाणी काच धुवायच्या टाकीत ओतलं आणि गेले. बायको म्हणाली, "किती चांगली माणसं! आणि तुम्ही खोटं बोललात."

उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठेच्या रस्त्याला लागलो तेव्हा पुरती रात्र झाली होती. आणि आता गाडीची खास विद्या बाहेर आली. अप्पर आपोआप, डिपरही आपोआप. काचेमागचा कॅमेरा समोरून दिवे येताना पाहतो, किंवा पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहतो, आणि अप्पर उतरवतो. रस्ता मोकळा झाला की पुन्हा चढवतो. ज्यानं हे बनवलं त्याच्या देशात वाहनाला पुढे दोन आणि मागे दोन दिवे असत असावेत. उसाच्या गळीत हंगामात साताऱ्यात तो आलेला नाही. आमच्या पुढे उसानं वाघा-हत्तीएवढ्या फुगलेल्या ट्रॉल्या होत्या, आणि त्यांच्या पाठीला दिवा नावाचा पदार्थ नव्हता. एका बैलगाडीला तर फक्त बैलांचे डोळे होते, तेही पुढे. कॅमेऱ्यानं पाहिलं, लाल दिवा नाही, म्हणजे रस्ता मोकळा, म्हणजे अप्पर! गाडीवानानं डोळ्यांवर हात धरून मागे वळून काहीतरी म्हटलं. काच बंद होती म्हणून संसार टिकला.

याउलट गावांच्या नावाच्या पाट्यांपुढे गाडी अतिशय नम्र. त्या पाट्यांचा चकचकीत कागद आमचाच झोत आमच्यावर फेकायचा, कॅमेऱ्याला वाटायचं कोणीतरी थोर येतंय, तो डिपर करायचा. डिपर केल्याबरोबर पाटी विझायची. मग पुन्हा अप्पर. पाटी पुन्हा चमकायची. मग पुन्हा डिपर. प्रत्येक गावाच्या वेशीवर गाडी असा उठाबशा काढून नमस्कार करत होती.

अशाच एका वेशीवर, अरुंद मोरीच्या अलीकडे, समोरून ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, टपावर रंगीत दिव्यांची माळ, स्पीकरवर गाणं इतकं मोठं की आधी गाणं आलं आणि मग ट्रॅक्टर. हेडलाइट एकच चालू. आमच्या गाडीला पाटी दिसली, डिपर. पाटी विझली, अप्पर. एका डोळ्याचा ट्रॅक्टर दिसला, डिपर. हा प्राणी कोणता हे न कळल्यानं पुन्हा अप्पर. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं मी विचारतोय, त्यानं एकदा उत्तर दिलं. गाडीनं तीनदा दिलं. त्यानं चारदा. मी दांडी ओढून मध्यस्थी करायला गेलो, त्यानं पाचवा झाला. शेवटी मोरीच्या तोंडाशी आम्ही नाकाला नाक लावून उभे राहिलो. गाणं बंद झालं. पोरगा उतरला, पंचविशीचा, डोक्याला मफलर.

"पावणं, नक्की म्हणायचं काय तुमास्नी? ये म्हणताय का थांब म्हणताय?"

"मी काहीच म्हणत नाही. मी नाही हो, गाडी करते."

त्यानं गाडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग अगदी खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "मग तुमी कशाला बसलाय आत?"

बायकोनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. माहेरच्या माणसानं लग्नानंतर अठ्ठावीस वर्षांनी का होईना, योग्य प्रश्न विचारला होता.

दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर काही मागे जात नाही, त्यामुळे मीच रिव्हर्स घेतला. जाताना पोरानं ट्रॉलीतून दोन ऊस उपसून खिडकीतून आत दिले. "घ्या. गाडीलाबी द्या एक."

परतीच्या दिवशी मी दांडीचं टोक फिरवून 'ऑटो' काढूनच टाकलं. आता दिवे मी लावणार, मी विझवणार. कितीतरी दिवसांनी गाडी चालवतोय असं वाटलं. साताऱ्याला दिवस कलला. पुढच्या गाडीच्या बंपरवर माझ्या दिव्यांचा छान पांढरा उजेड पडला होता, डॅशबोर्ड झगमगत होता, सगळं ठीक होतं. मागचा एक ट्रक सारखा अप्पर-डिपर करत होता. त्याला साइड दिली, तो गेला नाही, पुन्हा डिपर. मोटारसायकलवरच्या एका बाईंनी, मांडीवर पोर असतानाही, हात मोकळा करून मूठ उघडली-मिटली. मी हसलो, अंगठा दाखवला. नंतर एक जीपवाला, मग देवदर्शनाहून परतणारी पूर्ण ट्रॅव्हलर, सगळ्या खिडक्यांतून मुठी. मी सगळ्यांना अंगठा दाखवला. बायकोला म्हटलंसुद्धा, "बघ, दिवसाचे दिवे लोकांना अजून माहीतच नाहीत."

आनेवाडीच्या टोलनाक्याला रांगेत थांबलो तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. मागच्या ट्रकमधून क्लीनर उतरला आणि धावत माझ्या खिडकीशी आला. मी काच खाली केली. त्याच्या तोंडात मावा होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्यानं आधी माझ्या गाडीच्या पाठीकडे बोट दाखवलं आणि मग माझ्या नाकासमोर हात धरून मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली.

मी सवयीनं हसलो आणि अंगठा दाखवला.

क्लीनरनं मागे वळून ट्रकच्या ड्रायव्हरकडे पाहिलं आणि कानशिलापाशी बोट गोल फिरवून आणखी एक खूण केली. ती मात्र मला लगेच कळली.