कॉलम नाही हलले, ड्रॉइंग हललंय

ऑफिसात मी ‘बिमवाला’. बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग; म्हणजे इमारतीची भिंत, दार, बीम, पाइप सगळं एका मॉडेलात बसवायचं आणि कोण कोणाच्या पोटात घुसलंय ते ओरडून सांगायचं. मॉडेल रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि उरलेल्या जगाची रेघांची ड्रॉइंगं ऑटोकॅड नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. ऑटोकॅड 1982 चं, रेव्हिट 2000 चं, आणि 2002 पासून दोघांचा मालक एकच. म्हणून दोघांचं पटतं असं नाही. रेव्हिटला चौकशीची खोड. भिंत का? किती जाड? कुठल्या मजल्यापासून कुठल्या मजल्यापर्यंत? ऑटोकॅडची रेघ म्हणते, मी रेघ; पुढचं तुमचं तुम्ही बघा.

ऑटोकॅडचं ड्रॉइंग रेव्हिटच्या आत घ्यायच्या वाटा दोन. इम्पोर्ट केलं तर ते घरजावई होतं. आपल्या रेघा, हॅच (रेघारेघांचं भरण) आणि लेयर (रेघांचे वेगवेगळे थर) घेऊन कायमचं मुक्कामाला. त्यात कुणी उत्साहाच्या भरात ते एक्स्प्लोड केलं, म्हणजे फोडून सुट्या रेघा केल्या, तर त्याचे लाइन स्टाइल यादीभर पसरतात आणि 0.8 मिलिमीटरहून आखूड रेघा गुपचूप गायब होतात. लिंक केलं तर तो पाहुणा. नवी फाइल आली की रीलोड, नकोसा झाला की अनलोड. शहाणी माणसं लिंक करतात. मीही करतो. त्रास व्हायचा तो होतोच.

परवा स्ट्रक्चरवाल्यांची फाइल आली. एकक ‘ऑटो-डिटेक्ट’वर होतं. पण फाइल मिलिमीटरमध्ये काढलेली आणि तिच्या सेटिंगमध्ये मात्र इंच. रेव्हिट बिचारं लिहिलंय त्यावर विश्वास ठेवतं. 300 बाय 600 चा कॉलम 7.62 मीटर बाय 15.24 मीटरचा होऊन उभा राहिला. आत दोन बेडरूमचा फ्लॅट निघाला असता, वर बाल्कनी. क्लायंटला दाखवायचा मोह मी आवरला.

एकक हाताने ‘मिलिमीटर’ केलं, तरी एक इशारा कायम: या फाइलमधल्या भूमितीचा पसारा 33 किलोमीटरहून जास्त आहे. आमची इमारत सहा मजली. ऑटोकॅडमध्ये फाइल उघडून झूम एक्स्टेंट्स केलं, म्हणजे फाइलमधलं सगळं एका पडद्यात बसवलं, तर पडदा काळाकुट्ट. डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा एका कोपऱ्यात ठिपका दिसला, ती आमची इमारत. समोरच्या कोपऱ्यात दुसरा ठिपका. जवळ गेलो, तर कमोडचा एक ब्लॉक, म्हणजे तयार चित्र. एकटाच, दोन गावं ओलांडून. तो तिथे कोणी, कधी आणि कोणासाठी ठेवला, हे विचारायची सोय नसते. डिलीट केला.

मग लिंक करतानाचा ‘करंट व्ह्यू ओन्ली’ हा पर्याय. ही खूण केली तर ड्रॉइंग त्या एकाच व्ह्यूत दिसतं आणि शेजारचा सहकारी विचारतो, “स्ट्रक्चर लिंक केलंच नाहीस का?” नाही केली तर ते थ्रीडीतही चटईसारखं अंथरलं जातं आणि तोच सहकारी विचारतो, “हे खाली काय पडलंय?” लेयर बंद करून भागवावं म्हटलं, तर इम्पोर्टेड कॅटेगरीज या लेयरच्या यादीत लेयर एकच: शून्य. कॉलम, ग्रिड, मापं, नॉर्थचा बाण, सगळे त्यातच गुण्यागोविंदाने.

हे सगळं निस्तरता येतं. खरी कसोटी दुसऱ्या रिव्हिजनला. आधी नावाचा घोळ. रीलोडला फाइल त्याच नावाने त्याच जागी लागते, आणि यांच्या फाइलच्या नावात दर वेळी नवी तारीख आणि एक जास्तीचं ‘फायनल’. मॅनेज लिंक्स या लिंकच्या यादीत ‘नॉट फाउंड’ दिसतं. ‘रीलोड फ्रॉम’ने वाट दाखवली, लिंक आली, आणि सगळे कॉलम पॅसेजच्या मधोमध. लिंक पिन केलेली, म्हणजे जागेवर खिळलेली होती हो. पण पिन लिंकला धरते, फाइलच्या आत कोणी काय सरकवलं त्याला नाही.

स्ट्रक्चरवाल्यांना फोन लावला. “सर, कॉलम हललेत.”

“कॉलम कसे हलतील? डिझाइन फ्रीझ आहे.”

“तीन मीटर पूर्वेला आहेत.”

“हां, ते होय! डावीकडे शेड्यूलचं टेबल बसत नव्हतं, म्हणून प्लॅन जरा सरकवला. कॉलम नाही हलले, ड्रॉइंग हललंय.”

ओरिजिन म्हणजे काय, शून्य-शून्य बिंदू दोघांनी एकच का धरायचा, ‘ए’ आणि ‘1’ या ग्रिडरेघांचा छेद त्यावरच का हवा, हे मी समजावून सांगितलं. आर्जवाने, मग आवाज चढवून, मग पुन्हा आर्जवाने. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुम्हाला फारच त्रास होतो हो आमच्या फाइलचा,” ते कळवळून म्हणाले. “यापुढे पीडीएफच पाठवत जातो.”