अण्णांचा गुडघा आणि माझं सिडाल्सिया

आज नळाचा दिवस. पहाटे साडेपाचला ड्रम भरून आत जाऊन आडवा झालो, आणि तासाभरात बाहेर येतोय तो शेजारच्या अण्णांनी माझ्या हातात एक जुडी ठेवली. पाला हिरवागार, मुळं साफ कापलेली.

"तुझ्या वाफ्यात चिकणा माजला होता बे. काढून टाकला. पाला शेळीला दे कुणाच्या."

तो चिकणा नव्हता. ती माझी चेकरमॅलोची रोपं होती. बारातल्या नऊ बिया पेरल्यावर उगवलेली, दोनच.

हे अमेरिकेच्या पश्चिम भागातलं फुलझाड, शास्त्रीय नाव सिडाल्सिया. हॉलीहॉकच्या धाकट्या बहिणीसारखं दिसतं. दोन ते चार फूट उंच दांडा आणि त्यावर रेशमी गुलाबी फुलं. त्याला उन्हाळा थंड लागतो, जमीन ओलसर पण पाणी न साचणारी लागते. आणि मी राहतो सोलापुरात, जिथे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो आणि नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. त्यामुळे मला वेडा म्हणायचा हक्क कुणालाही आहे. उपटायचा नाही.

बियांना आधी थंडी दाखवावी लागते. म्हणून त्या ओल्या कापडात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये होत्या, शेंगाचटणीच्या डब्याला टेकून. बायकोनं त्या दोनदा ओवा समजून बाहेर काढल्या. नोव्हेंबरात पेरल्या. पहिल्या वर्षी बहुधा नुसता पानांचा झुपका येतो, फुलं पुढच्या वर्षी. हे मी घरात सांगितलं नव्हतं. फुलाशिवाय वर्षभर पाणी घालणाऱ्या माणसाला आमच्याकडे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

अण्णांना मात्र सगळं सांगितलं होतं. चूक तिथेच झाली.

"काय करलाला बे?"

"चेकरमॅलो लावलंय, अण्णा."

"चेक्सची का? आपल्याकडं चादरी कमी हायत व्हय?"

"नाही, फुलझाड. सिडाल्सिया."

"सिद्ध-आळशी?" त्यांनी जरा विचार केला. "नाव बरोबर हाय. दोन महिने झाले, हललं नाही."

मग रोज तेच. हे भेंडीच्या कुळातलं, जास्वंदीच्या, अंबाडीच्या, कापसाच्या कुळातलं, असं मी एकदा उत्साहानं सांगून बसलो. त्यावर अण्णा, ज्यांची तीस वर्षं गिरणीत गेली, मला कापूस म्हणजे काय ते पाऊण तास समजावत होते. नंतर गिरण्या बंद पडल्या त्याबद्दल अर्धा तास. माझ्या झाडाचा आणि गिरण्यांचा संबंध काय हे विचारायचं धाडस मला झालं नाही. शेवटी निकाल दिला, "हा चिकणाच. रस्त्याकडेला बघ, फुकट हाय."

"अण्णा, मुळं कुठायत?" आज मी विचारलं. आवाज शक्य तितका सभ्य ठेवून.

"ती मी घेतली की. चिकण्याची मुळी वाताला लई चांगली. गुडघ्यासाठी उकळलालो."

हे झाड बहुवर्षायू. वरचं जळलं तरी मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटतं. म्हणजे अण्णांनी नेमकं तेच नेलं आणि मला शेळीची सोय करून दिली. दुसऱ्याच्या वाफ्यातलं उपटायला लोकांना विचारावंसं वाटत नाही. आपल्याकडं कुंपण म्हणजे बहुतेक पाठ टेकायची सोय. आपण बोललो तर, "दोन रोपांवरून म्हाताऱ्याशी भांडतो." मीही नाही बोललो. जुडी हातात धरून "बरं झालं, अण्णा" असंच म्हणालो, आणि तेच आता जास्त झोंबतंय.

दुपारी चडफडत मोबाईलवर नावाची व्युत्पत्ती शोधली. म्हटलं, पुरावा घेऊनच जाऊ. सिडाल्सिया म्हणजे सिडा अधिक अल्सिया. अल्सिया म्हणजे हॉलीहॉक. आणि सिडा म्हणजे चिकणा.

मोबाईल पालथा ठेवला. हे अण्णांना कधीही कळता कामा नये.

संध्याकाळी ते ओट्यावर पाय पसरून बसले होते. "हलकं वाटलालंय बे गुडघ्याला," म्हणाले. "अजून बिया हायत का?"

"नाहीत," मी म्हणालो.

तीन आहेत. चटणीच्या डब्यामागे.