‘कॅन्सर जन्मापासूनच अंगात असतो’ असं मी म्हटलंय का?

नमस्कार मुलुंडकर,

प्रतिक्रिया झणझणीत आहे, तेव्हा ‘धन्यवाद’ म्हणून सुटका नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात मांडतो. प्रोटो-ऑन्कोजीन, म्हणजे पेशीच्या वाढीचं काम पाहणारी आणि बिघडली की कॅन्सरकडे नेणारी जनुकं (बिघडल्यावर त्यांनाच ऑन्कोजीन म्हणतात), प्रत्येकाच्या पेशीत असतात, असं मी लेखात लिहिलं. त्याचा अर्थ कॅन्सर जन्मापासून अंगात दबा धरून बसलेला असतो असाच होतो, असं तुमचं म्हणणं. ते वाचून तुमचे मेहुणे ‘मग तंबाखू सोडून काय मिळणार’ म्हणत पुन्हा बार भरायला मोकळे झाले. कॅन्सर विषाणूंमुळे होतो हे सिद्ध झालेलं असताना मी विषाणूंना मोकळं सोडलं. आणि एका लॅबचं ‘कॅन्सर जीन पॅकेज’ घ्यावं की नाही, यावर मी अवाक्षर काढलं नाही.

आधी मेहुण्यांचं बघू. जन्मापासून अंगात असतं ते कामाचं जनुक असतं, कॅन्सर नव्हे. ‘सार्क’ हे कॅन्सरच्या इतिहासातलं सगळ्यांत गाजलेलं जनुक. १९९१ मध्ये ते काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांची हाडं नको तितकी दाट झाली आणि दात हिरडीतून वर येईनात. जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशींना सार्कशिवाय काम जमत नाही. ‘मिक’ हे असंच दुसरं जनुक काढलं तर उंदराचं पिल्लू गर्भातच मरतं. ही जनुकं नसती तर मेहुणे आणि मी, दोघंही जन्मालाच आलो नसतो.

बिघडतं ते एखाद्या पेशीत, आणि बहुतेक वेळा जन्मानंतर. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींतलं ‘एच-रास’ हे जनुक तपासलं, तेव्हा फरक निघाला डीएनएच्या एका अक्षराचा. जी च्या जागी टी. तेवढ्यानं प्रथिनातल्या बाराव्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं आलं. रास प्रथिन एरवी वाढीचा निरोप पुढे देतं आणि स्वतःच बंद होतं. या बदलानंतर ते बंद व्हायचं जवळजवळ विसरतं, आणि पेशीला ‘विभाग, विभाग’ असा निरोप जातच राहतो.

असे बदल आपसूकही होतात, पण तंबाखू त्यांचा रतीब घालते. तिच्यातली नायट्रोसामाइन्स ही रसायनं शरीरात गेल्यावर डीएनएला चिकटतात आणि पेशी डीएनएची नक्कल करताना तिथे चुकीचं अक्षर बसू शकतं. हे पुरावे काही कुठल्या लांबच्या देशातून आणायला नकोत. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये तंबाखू चघळणाऱ्या भारतीय रुग्णांच्या तोंडाच्या गाठी तपासल्या होत्या. एच-रासमधले हे बदल त्यांना पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक सापडले. म्हणजे जनुक सगळ्यांकडे असतं, हे तंबाखू सोडण्याचं कारण आहे. मेहुण्यांनी ते चालू ठेवण्याचं कारण करून टाकलं!

अ‍ॅक्सिलरेटर अडकलेल्या गाडीची उपमा दिली असती तर लोकांना कळलं असतं, असंही तुम्ही सुचवलंय. ती मी मुद्दाम टाळतो, कारण त्या गाडीला अपघात ठरलेलाच असतो. पेशीचं तसं नाही. तुमच्या-माझ्या अंगावरच्या तिळांपैकी बऱ्याच तिळांच्या पेशींत ‘बी-राफ’ हे जनुक बिघडलेलं असतं, अगदी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये असतं तसंच. तरी तीळ थोडा वाढतो, थांबतो आणि आयुष्यभर तीळच राहतो, कारण पेशी असा अवाजवी निरोप ओळखून विभागणीच बंद करते. १९८३ मध्ये उंदरांच्या ताज्या पेशींवर झालेल्या प्रयोगांतही एकट्या रासनं किंवा एकट्या मिकनं पेशी कॅन्सरच्या झाल्या नाहीत. दोन्ही मिळून झाल्या. एक बिघाड पुरत नाही, बहुधा कित्येक वर्षं साचावे लागतात. म्हणून पन्नाशीत सोडलेली तंबाखूही वाया जात नाही.

विषाणूंबद्दल मात्र तुमचं-माझं भांडण नाहीच. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क दुसऱ्या कोंबड्यांना टोचून गाठी उठवल्या, ते विषाणूमुळेच. पण १९७६ मध्ये बिशप, वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या विषाणूतलं सार्क मुळात कोंबडीचंच आहे. विषाणूनं ते कधीतरी उचललं आणि त्याचा आवर घालणारा तुकडा वाटेत गमावला. त्याबद्दल बिशप आणि वार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तऱ्हा वेगळी. त्याची ई-६ आणि ई-७ ही जनुकं त्याची स्वतःची. ती आपल्या पेशीतली पी-५३ आणि आरबी ही आवर घालणारी प्रथिनं निकामी करतात. तिथे लस आहे, आणि ती मुलींना द्यावीच.

राहिलं पॅकेज. तुमच्या ताईंच्या रिपोर्टवरचं ‘हर-टू पॉझिटिव्ह’ वाचून ते घराण्यातून आलंय का, असं तुम्ही विचारलंत. नाही. हर-टू हेही प्रोटो-ऑन्कोजीनच. गाठीच्या पेशींत त्याच्या प्रती भरमसाट वाढतात, त्या तिथेच राहतात, वारशानं येत नाहीत. ती तपासणी उपयोगाची असते, कारण १९९८ पासून त्यावर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आहे.

बिघडलेलं ऑन्कोजीन वारशानं येणं दुर्मीळ. ‘रेट’ हा ठळक अपवाद: काही कुटुंबांत ते तसंच पुढे जातं आणि थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होतो, म्हणून त्या घरांतल्या मुलांची ग्रंथी लहानपणीच काढतात. स्तनाच्या कॅन्सरच्या संदर्भात ज्या बीआरसीएचं नाव सगळीकडे ऐकू येतं, ती जनुकं ऑन्कोजीन नव्हेत. त्यांचं काम डीएनएच्या दुरुस्तीचं.

पण ताईंना चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला होता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि मला वाटतं तुमच्या प्रतिक्रियेतली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच आहे. पॅकेजचे पैसे वाचवा. टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, तिथे ताईंना त्यांच्या जुन्या रिपोर्टांसह घेऊन जा. चाचणी आधी त्यांची करतात. त्यांच्यात काही सापडलं, तरच तुमची.