पाऊस नेईल वाहून म्हणे!

दर पावसाळ्यात तेच. इंदूरहून पातालपाणी धबधबा जेमतेम ३५ किलोमीटर, महूच्या पुढे. चोरल नदी कड्यावरून कोसळताना बघून डोळे निवतात, पण खाली पायाशी कचरा बघितला की जीव जळतो.

घरी हीच इंदूरची माणसं कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका वेगळा करून डबे घेऊन धावतात. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवतात. आणि इथे? काल माझ्यासमोर एका मावशींनी पोह्यांचा द्रोण, शेव-जीरावण मसाला चिकटलेला, खडकाच्या फटीत कोंबला. म्हटलं, "मावशी, पिशवीत ठेवा की." तर म्हणाल्या, "पाऊस नेईल वाहून." अहो, नेईल कुठे? खालच्या गावांच्या पाण्यातच ना!

त्यात ती पोरं, कठडा ओलांडून सेल्फी काढणारी. २०११ च्या जुलैत इथेच अचानक लोंढा आला आणि माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडला की इथे ऊन असतानाही पाणी चढतं. किती वेळा ओरडून सांगायचं? "काका, काही होत नाही," म्हणतात. माझ्या घशाला कोरड पडली, पोरं तिथेच उभी.