दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर: मुलांना मुळशीच्या पाण्यात का उतरू दिले नाही

महोदया,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातल्या रविवारी आपण सासू-सासरे आणि दोन मुलांसह मुळशी जलाशयाकाठच्या आमच्या कृषी पर्यटन केंद्रात दिवसभरासाठी आला होतात. त्याविषयीचा आपला अभिप्राय आम्ही घरातल्या सर्वांनी वाचला. मुलांना पाण्यात उतरू दिले नाही, आमच्या माणसाने शिट्टी वाजवून त्यांना सर्वांसमोर परत बोलावले, सोबत आणलेला स्पीकर बंद करायला लावला, छायाचित्रात दिसते तसे भरलेले तळे नव्हतेच, काठाला नुसता चिखल होता आणि जेवणासाठी बराच वेळ थांबावे लागले, अशा आपल्या तक्रारी आहेत. ‘पाणी लांबूनच बघायचे, तर एवढे पैसे कशाला द्यायचे?’ असेही आपण विचारले आहे. पुण्याहून घरच्यांना घेऊन येणारी इतर कुटुंबेही हे वाचतील, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

आधी पाण्याविषयी, कारण बाकीच्या गोष्टींपेक्षा ती मला फार महत्त्वाची वाटते. मुळशीचे तळे नैसर्गिक नाही. मुळा नदीवर टाटांनी बांधलेले हे धरण 1927 मध्ये पूर्ण झाले, आणि ज्या जमिनी वाचवण्यासाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 या काळात मुळशी सत्याग्रह झाला, त्या या पाण्याखाली गेल्या. आमच्या पणजोबांची भातखाचरेही त्यांतच आहेत. डोंगरउतारावरची खाचरे पायऱ्यांसारखी एकाखाली एक असतात आणि दर खाचराला बांध असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आमच्या बाजूचे काही बांध आजही उघडे पडतात, उरलेले गढूळ पाण्याखाली तसेच असतात. त्यामुळे मूल घोटाभर पाण्यात खेळत असते आणि पुढच्याच पावलाला बांध संपून खालच्या खाचरात मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढे पाणी लागते. काठावर बसलेल्या आईवडिलांना हे दिसण्याचा काही मार्ग नाही.

आपली मुले ज्या बाजूला गेली होती, तिथला गाळ वरून वाळलेला होता, त्याला भेगाही पडल्या होत्या, म्हणून जमीन घट्ट असेल असेच कोणालाही वाटले असते. त्या पापुद्र्याखाली मात्र लोण्यासारखा मऊ चिखल असतो आणि हातातली काठी टेकवली तरी ती निम्मी आत जाते. एक पाय रुतला की माणूस घाबरून दुसऱ्या पायावर भार देतो आणि तोही रुतवून बसतो. चांगल्या पोहणाऱ्याचेही तिथे काही चालत नाही. लाइफ जॅकेट द्यायला हवे होते, असे आपण सुचवले आहे. जॅकेट माणसाला तरंगत ठेवते, गाळात अडकलेला पाय सोडवत नाही. म्हणून आमच्याकडे पाण्यात कोणीच उतरत नाही, आमची स्वतःची मुलेसुद्धा नाही.

शिट्टीबद्दल सांगायचे तर दुपारी वारा तळ्याकडून घराकडे येतो आणि वरून मारलेली हाक काठापर्यंत पोहोचत नाही. चारचौघांत परत बोलावल्याने मुले हिरमुसली, हे मी स्वतः पाहिले आणि मला त्याचे वाईट वाटले. तरीही तशीच वेळ पुन्हा आली, तर आमचा माणूस पुन्हा शिट्टीच वाजवील आणि मी त्याच्या पाठीशी उभा राहीन.

तळे मे महिन्यात एवढे खाली का जाते, हेही सांगायला हवे. मुळा पूर्वेकडे वाहणारी नदी आहे, पण या जलाशयाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून घाटाखाली सुमारे 500 मीटर उतरवले जाते आणि रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे त्यावर मुंबईसाठी वीज तयार होते. पुढे हेच पाणी कुंडलिका नदीत जाते, आणि कोलाडचे राफ्टिंगही त्यावरच चालते. पावसाळ्यात भरलेले तळे उन्हाळ्याच्या अखेरीस उतरलेले दिसणार, हे दरवर्षीचे आहे. आमच्या पानावर प्रत्येक छायाचित्राखाली महिना लिहिलेला आहे आणि भेगाळलेल्या काठाचे मे महिन्यातले छायाचित्रही तिथे आहे.

स्पीकरचा नियम नोंदणीच्या संदेशात आणि फाटकावरच्या फलकावर, अशा दोन्ही ठिकाणी दिलेला असतो. मोकळ्या पाण्यावरून आवाज विनाअडथळा पलीकडच्या वाडीपर्यंत जातो आणि तिथे म्हातारी माणसे राहतात, मुले अभ्यास करतात. संगीत लावून सहल करायची असेल, तर पवनेच्या काठी तशा सोयीच्या बऱ्याच जागा आहेत. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे शांततेसाठीच येतात. सकाळी चहाच्या वेळी ओढ्याकडून येणारी शीळ ऐकून ती कोण घालते, असे आपल्या सासऱ्यांनी मला विचारले होते. तो शीळकरी कस्तूर पक्षी. स्पीकर सुरू असता, तर ती शीळ त्यांना ऐकू आली नसती.

जेवणाला वेळ लागतो, कारण भाकरी पान वाढल्यावरच थापली जाते आणि इंद्रायणीचा भातही माणसे आल्याशिवाय चुलीवर चढत नाही. आधीच करून ठेवलेले अन्न वाढण्याची आमची इच्छा नाही. पैसे आम्ही दोन वेळचा चहा, नाश्ता, जेवण, बसण्या-आडवे होण्याची सावली आणि काठावर दिवसभर लक्ष ठेवणारा माणूस यांचे घेतो. त्यातला शेवटचा खर्च कमी करून दर उतरवायला मी तयार नाही.

मुलांना पाण्यात खेळायचे असते, हे मात्र मला पूर्ण पटते. त्यासाठी विहिरीच्या पाण्यावर गुडघाभर खोलीची टाकी बांधायला घेतली आहे आणि ती दिवाळीपर्यंत तयार होईल. तेव्हा तळेही बरेच भरलेले असते. आपण पुन्हा यायचे ठरवलेत, तर आदल्या संध्याकाळपर्यंत माणसांचा आकडा आणि सासूबाईंना तिखट कितपत चालते, एवढे कृपया कळवावे.

आपला,
केंद्रचालक